सतरा नंबरचे टोक

कार्तिक वद्य ३, शके १७८६. पूर्णा नदीकाठचा तळ.

नं. ११ आज पुरा झाला. काळा दगड, तळहाताएवढा, दोन्ही अंगांनी टवके काढून घडवलेला. समोरून, बाजूने आणि मधला छेद, अशी तीन चित्रे. साहेबांनी परकाराने दगड मोजला, मग कागद मोजला, मग पुन्हा दगड. गव्हाच्या दाण्याएवढाही फरक सापडेना, तेव्हा कोपऱ्यात सही केली. शाबासकी वगैरे नाही. सही हीच शाबासकी.

इथल्या विहिरीचे पाणी खारे. शाई घोटली की दाणे धरते. म्हणून शाईला नदीचे पाणी आणि आम्हाला विहिरीचे. गोविंदपंत, साहेबांचे कारकून, पुण्याचे. ते म्हणाले, या दगडांची बडदास्त जावयासारखी आहे.

ही वही त्यांनीच दिली. रोज कोणता दगड काढला ते लिहीत जा म्हणाले. दगडाचे लिहून पान उरते. उरलेल्यात माझे लिहितो.

कार्तिक वद्य ९.

पुलाच्या पायाचे खोदकाम चार पुरुष खोल गेले. खाली गोट्यांचा थर आहे, त्यातून हे दगड निघतात. खोदणाऱ्या बाया त्यांना इजेचे दगड म्हणतात. वीज पडली की जमिनीत रुततात ते. साहेब इंजिनिअर, पूल-सडका त्यांच्या हाताखाली, पण जीव या दगडांत. म्हणतात, लोखंड माहीत नव्हते तेव्हा माणसाने घडवले. कलकत्त्याला विद्वानांची एक सभा आहे, तिला हे पटवायचे. मद्रासेकडे सापडले तसे वऱ्हाडातही आहेत म्हणून. नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो, चित्रे पाहिजेत. त्यासाठी पुलाच्या कामावर मी. अमरावतीचा चितारी, पुलाशी संबंध शून्य.

आधी वाटले, साहेबांना ऊन लागले. मग त्यांनी एका दगडाच्या कडेवर बोट ठेवून दाखवले, "यहाँ मारा." खरेच. घाव बसला तिथून लाटा निघतात, पाण्यात खडा टाकल्यावर निघतात तशा. त्या बारीक बोरूने काढायच्या. उजेड नेहमी डावीकडून, वरून. आमच्या घरात तीन पिढ्या देव रंगवले, लग्नाच्या भिंती रंगवल्या, पण सावली कोणी काढली नाही. देवाला कुठली सावली? दगडाची काढायला मला दोन महिने लागले.

कुणाचा तरी हात होता तिथे. एक घाव घालून थांबला असेल, दगड फिरवून पाहिला असेल. मी फिरवतो तसाच.

मार्गशीर्ष शुद्ध २.

अमरावतीहून सांगावा. तुळसाला, माझ्या बायकोला, सहावा महिना लागला. तब्येत बरी आहे.

आधीची दोन गेली. एक सव्वा महिन्याचे, एक बारशाच्या आत. या खेपेला तरी

नको. लिहू नये.

बाबांनी त्याच माणसाकरवी सांगितले, ती मोकळी होईपर्यंत हातून तुटके काही काढू नको. खंडित मूर्ती नाही, मोडके चाक नाही, फुटका घडा नाही. ग्रहणात पोटुशीने विळी धरू नये, तसे हे. आमच्या घरात पाळतात. आजोबांनी एकदा पाळले नाही म्हणे, आणि थोरले काका डाव्या हाताला बोटांशिवाय जन्मले. काकांना मी पाहिले आहे. तो हात आमच्या घरात कोणी विसरत नाही.

गो.पं.ना सांगितले तर हसतील. सांगितले नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ८.

नं. १७. कासाबाईने आणून दिला. खोदणाऱ्या बायांत सगळ्यांत जुनी तीच. देता देताच हात झटकून मोकळी झाली. "टोक पयलेच मोडलेलं व्हतं. माह्या कुदळीनं नाई मोडलं. सायबाले सांगजा."

खरे आहे, मोड जुनी आहे. मोडीच्या आतसुद्धा माती मुरली आहे. तांबडा दगड, मधाकडे झुकणारा, उजेडात धरला तर कडेने आरपार दिसतो. इतका देखणा अजून एकही निघाला नाही. आणि नेमके वरचे बोटभर टोक नाही. हातात घेतला तर मोडीची धार अंगठ्यात घुसली. रक्त आले.

साहेब हिवतापाने पडलेत. विचारणार कुणाला?

कागद दिवसभर कोरा.

मार्गशीर्ष शुद्ध ९.

काढला. मोडीपर्यंत जसा आहे तसा, केसाचा फरक नाही. वर टोक पुरे केले. दोन्ही कडा जशा येत होत्या तशा पुढे नेल्या आणि मिटवल्या. मिटवताना हाताने आपणच मुरड घेतली, पिंपळपानाच्या शेपटासारखी. बाबांनी लहानपणी गिरवून घेतलेली पहिली रेघ ती. आमच्याकडे देवीच्या मुकुटाला तीच आणि तोरणाच्या पानालाही तीच.

सुरेख दिसते. मनात म्हटले, एकच तर आहे.

मार्गशीर्ष वद्य ५.

एक कुठले. नं. २१, २२ आणि २६. तिन्ही टोकाला मोडके. तिन्ही पुरे केले. वहीत त्यांच्यापुढे भोपळा काढून ठेवतो, म्हणजे नंतर दुरुस्त करता येतील. तुळसा मोकळी झाली की काढीन खरे. दगड कुठे पळून जातात?

साहेब उठले, पण हाडे राहिलीत. कागद एकेक करून पाहिले. परकार पेटीतच राहिला. सगळ्यांवर सह्या केल्या आणि म्हणाले, "तुम्हारा हाथ, हमारी आँख."

दोन महिन्यांपूर्वी हे ऐकले असते तर गावभर सांगत सुटलो असतो.

पौष शुद्ध ११.

माणसे मिळत नाहीत. जो तो कापसात. कासाबाईच्या हाताखालच्या बाया वेचणीला गेल्या, तीही जाते म्हणते. सडकेवर गाड्यांची रांग, बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे. अमेरिकेत लढाई चालली आहे, तिकडचा कापूस विलायतेला जात नाही, म्हणून आमच्या बैलांच्या डोक्यावर चांदी. गो.पं.नी ते दोनदा समजावून सांगितले, तरी मला नीटसे कळले नाही.

नं. ३३ भोपळा. नं. ३४ भोपळा.

मोडकी बाजू मी आता बघतसुद्धा नाही. दगड मातीच्या गोळ्यात उभा करतो, मोड पलीकडे करतो आणि काढतो.

माघ शुद्ध ६. अकोला.

एक्केचाळीस झाले. भोपळे नऊ. साहेब अकोल्याच्या बंगल्यावर आले, आम्हीही आलो. कागद आज टपालाने कलकत्त्याला गेले. दगड मागून जायचे आहेत.

साहेबांना म्हणालो, थोडे दिवस कागद ठेवा, काही ठिकाणी हात फिरवायचा आहे. ते म्हणाले, तू हात फिरवत बसलास तर दगड पुन्हा नदीत जातील. हसले. मीही हसलो.

फाल्गुन शुद्ध ४.

दगड पाठवायला गाडी मिळेना. सगळ्या गाड्या कापसाला. पेटी करायची तर सुतार नाही, फळ्याही नाहीत. शेवटी एका व्यापाऱ्याने कबूल केले, आगगाडीचे रूळ आले आहेत तिथवर त्याच्या कापसाबरोबर एक पोते जाईल.

बांधणी मीच केली. प्रत्येक दगड धोतराच्या फडक्यात, फडक्यावर कापूस, मग पोत्यात चारी बाजूंनी कापूस ठासला. एकही दगड दुसऱ्याला लागणार नाही. पोते हलवून पाहिले, आवाज नाही. गो.पं.नी इंग्रजीत चिठ्ठी लिहून पोत्याला शिवली. बांधणीवर खूष झालो. पोराला झोळीत घालावे तसे घातले.

१७ शेवटचा घातला. मोडीवर फडक्याचे दोन वेढे जास्त दिले. तेव्हाही नीट पाहिली नाही.

फाल्गुन वद्य १.

गाडीवान किसन परत आला. रिद्धपूरकडचा, साधा माणूस. ओठ फुटलेला.

वाटेत कापूस तपासणाऱ्यांनी गाड्या अडवल्या. वजन वाढवायला लोक कापसात दगड-माती घालतात, म्हणून पोत्यांत लोखंडी सळई खुपसून पाहतात. आमच्या पोत्यात सळई खण्ण वाजली. चिठ्ठी वाटेत कधीच फाटून गेली होती. पोते उसवले. कापसाच्या पोटात बेतशीर गुंडाळून ठेवलेले दगड. इतकी सफाईदार लबाडी त्यांनीही पाहिली नसेल.

किसन म्हणाला, "म्या सांगून राहिलो, हे सायबाचे दगड हायेत. ते म्हणे, सापडल्यावर समदेच सायबाचं नाव घेतात."

त्याला मारले. दगड सडकेच्या कडेला ओतले. तिथे खडी फोडायचे काम चालू होते. किसन दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परतला तोवर ढीग फोडून झाला होता. ती सडक आमच्याच साहेबांच्या कामातली.

आधी किसनच्या ओठाला हळद लावायला हवी होती, तेही सुचले नाही.

फाल्गुन वद्य २.

किसन आणि मी तिथे जाऊन आलो. खडी पसरून वर मुरूम टाकला आहे. दोन्ही हातांनी उकरले. काळे तुकडे सगळे सारखेच. तांबडा एक सापडला, नखाएवढा. तो १७ चा असेल, नसेलही. कनवटीला लावला.

साहेब आरामखुर्चीत होते. गो.पं.नी सांगितले. मला वाटले, हाकलतील. हाकलायला हवे होते. भिंतीकडे पाहून म्हणाले, "अब काग़ज़ ही पत्थर है, चितारी."

त्या क्षणी बोलायचे होते. कनवटीचा तुकडा चाचपत बाहेर आलो.

फाल्गुन वद्य १२. अमरावती.

मुलगी. काल सकाळी. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळी बोटे. मी तीनदा मोजली. बाबांनी तिसऱ्यांदा मोजताना पकडले आणि पाठ थोपटली.

आधीची दोन गेली म्हणून नाव धोंडी. धोंड्याला कोण नेतो?

चैत्र शुद्ध १०, शके १७८७. अकोला.

कलकत्त्याचे पत्र. गो.पं.नी वाचून मराठीत सांगितले. चित्रे अव्वल आहेत. दगड हरवले हे फार वाईट, पण अशी चित्रे असतील तर काम अडत नाही. आणि विशेष म्हणजे काही हत्यारांच्या टोकाला जी मुरड आहे ती मद्रासेकडच्या एकाही हत्याराला नाही. साहेबांनी यावर निबंध लिहावा.

"काही हत्यारे" किती आहेत हे मला वही न उघडता माहीत आहे.

साहेब उठून उभे राहिले, माझा हात धरून हलवला. त्यांचा हात चटका बसावा इतका गरम. ताप आहेच.

वैशाख शुद्ध ३.

निबंध लिहून झाला. साहेबांनी मला खुर्चीवर बसवले. पहिल्यांदाच. मग वाचून दाखवला, गो.पं. अर्थ सांगत होते. पूर्णेकाठी फार पूर्वी जे लोक राहत ते इतरांहून निराळे होते. त्यांचा हात निराळा. दगड घडवताना शेवटच्या घावाला ते टोक वळवीत, पानासारखे. कामाला त्या मुरडीचा काही उपयोग नाही, नुसती हौस. म्हणजे हौस करण्याइतकी ती माणसे सुधारलेली होती. सगळ्यांत उत्तम नमुना नं. १७.

पूर्णेकाठचे ते लोक म्हणजे मी. अमरावतीच्या गल्लीतला एकटा चितारी, बायको पोटुशी असलेला.

गो.पं. माझ्याकडे पाहून म्हणाले, नारायणराव, डोळे कशाने भरले? म्हटले, आनंदाने. साहेब लहान मुलासारखे हसत होते. दीड महिन्यात ते हसलेले पाहिले नव्हते. आजच्याइतका नीच मी कधी झालो नव्हतो.

वैशाख वद्य ७.

साहेब गेले. मुंबईहून आगबोटीने विलायतेला. तब्येत इथे सुधारायची नाही असे डॉक्टरने सांगितले. डोलीत घालून नेले. परकाराची पेटी मला देऊन गेले.

पुलाचे काम थांबले. अमेरिकेतली लढाई संपली म्हणतात, कापसाला कोणी विचारीना. बाजारात माणसे नुसती बसून असतात. मीही त्यांच्यात जाऊन बसलो. कोणी कोणाला विचारले नाही, काय झाले म्हणून.

आषाढ शुद्ध ५. अमरावती.

घरी. एका लग्नाच्या भिंतीचे काम होते, तेही रद्द झाले. धोंडी अंगाला लागत नाही. दूध पिते आणि उलटते.

बाबांना सांगितले. ते म्हणाले, बरोबर केलेस. पोरगी बघ, बोटे बघ. साहेबाचे काय, तो दगडाचा धनी. आपण लेकराचे.

ऐकून बरे वाटले. दिवसभर टिकले.

आषाढ वद्य २.

आज तुळसाला सांगितले. दळत होती. नऊ दगडांचे सगळे सांगेपर्यंत जाते थांबले नाही. मग थांबले.

"खोटं कावून काढलं?"

"तुझ्यासाठी. हिच्यासाठी."

"मले इचारलं होतं?"

जात्याभोवती सांडलेले पीठ मी बोटाने सारू लागलो.

"पयल्या दोघांच्या वक्ती काय तुटकं काढलं होतं तुमी? काहीच नाई. देवच काढले. तरी गेले ना?"

ती पुन्हा दळायला लागली. पीठ पडत होते आणि डोळ्यांतून पाणीही. पदराने दोन्ही पुसले आणि म्हणाली, "माह्या पोरीच्या नावावर हे ठिवू नका. जाऊन सांगा त्याईले."

बाबा आतून खाकरले. ऐकत होते.

श्रावण शुद्ध ९. अकोला.

गो.पं.कडे आलो. पायी. दुसऱ्या साहेबाच्या हाताखाली आहेत, तो दगड जमवत नाही. मी सगळे सांगितले. हसतील म्हणून जे मार्गशीर्षात सांगितले नव्हते तेही सांगितले, काकांचा हात वगैरे. हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

म्हणाले, "नऊ खोटी निघाली तर उरलेली बत्तीस खरी कोण धरील, नारायणराव? दगड आहेत का दाखवायला?"

दगड सडकेत आहेत.

साहेबांचे काय होईल, विचारले. म्हणाले, होईल काय, लोक हसतील. आजारी माणूस आहे. मग जरा वेळाने, पत्र लिहून देतो म्हणाले, माझ्या हाताने लिहितो, पण नुसते पत्र कोणी मानणार नाही. ही नऊ खोटी कशावरून, असे म्हणतील. नऊच्या नऊ पुन्हा काढा, जशी मोडली होती तशी, मोडीसकट. तुमच्या हातावर त्यांचा अजून भरवसा आहे. तेवढाच आधार.

बरे म्हटले. घाई नको म्हणाले. जेवायला थांबा म्हणाले. थांबलो नाही.

श्रावण शुद्ध १२. अमरावती.

वाटेत कळले. चालता चालता एकेक नंबर डोळ्यांपुढे आणत होतो. २१. तळ आठवतो, डाव्या कडेचे पाच घाव आठवतात, लाटा आठवतात. मोड आठवत नाही. २२ तसेच. २६ तसेच. मोड मी पाहिलीच नाही. बघायची नव्हती म्हणूनच तर टोक काढले. तिरपी होती की आडवी, खोल होती की उथळ, काही नाही. आता काढली तर तीही मनचीच. आधी टोक खोटे काढले, आता मोड खोटी काढायची.

एक १७ तेवढा आठवतो. तो अंगठ्यात घुसला होता. डावीकडे उंच, मध्ये खळगी, उजवीकडे जिभेसारखा पातळ टवका. अंगठ्यावर वण आहे, त्यावरून मापसुद्धा सांगता येईल.

नवांतला एक. बाकीचे आठ गेले. माझ्यासकट.

श्रावण वद्य ८.

कासाबाईला शोधत तिच्या गावी गेलो. निंदायला गेली होती, बांधावर गाठली. विचारले, २१, २२ कसे मोडले होते, तुला काही आठवते का? माझ्याकडे बघत राहिली. वाटले असेल, आता आळ घ्यायला आला.

"मोडलं तं मोडलं. दगडाचं काय ध्यान ठिवतं मानूस."

मग मला भाकरी दिली. खाल्ली.

भाद्रपद शुद्ध ६.

गो.पं.कडून पाकीट. आत कलकत्त्याहून आलेला छापाचा नमुना. माझी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली आहेत. कोरणारा कोणी चांगला कारागीर, लाट न् लाट उतरवली आहे. मधोमध १७, मोठा. टोकाची मुरड माझ्यापेक्षाही लांब केली आहे. त्यालाही हौस आली असेल.

सोबत गो.पं.ची दोन ओळींची चिठ्ठी. पुस्तक थंडीत बांधले जाईल. काही कळवायचे तर त्याआधी. साहेबांचे पत्र आले आहे, तब्येत तशीच, चितारी कसा आहे म्हणून विचारले आहे.

तुळसाने नमुना हातात घेऊन पाहिला. चित्र चांगलं आहे म्हणाली. मग माझ्या मांडीवर ठेवला.

भाद्रपद वद्य ३.

धोंडीला ताप. वैद्याने चाटण दिले. बाबा म्हणतात, घरात तुटक्याचा विषय निघाला तेव्हापासून. मी म्हटले, विषयच निघाला, काढले तर काहीच नाही. ते म्हणाले, मग काढू नको.

भाद्रपद वद्य ५.

ताप तसाच. वजन राहिलेच नाही. उचलली की हात आपोआप वर जातो.

भाद्रपद वद्य ७.

सकाळी तुळसाने खिडकीशी पाट मांडला, डावीकडून उजेड येईल असा. हे तिला कोणी शिकवले नव्हते, बघून बघून कळले असेल. विलायती कागदाचा एकच ताव उरला होता, तो आणून ठेवला. शाईला पाणी दिले. मग धोंडीला मांडीवर घेऊन समोर बसली. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. जागे होते.

१७ काढायला घेतला. नखाएवढा तांबडा तुकडा रंगासाठी पुढ्यात ठेवला, जरी रंग भरायचा नाही. तळ काढला. डावी कड, सात घाव. उजवी कड, सहा आणि एक अर्धा. हात जराही हलला नाही. इतके चांगले मी साहेबांसमोरही काढले नसेल. दोन्ही कडा वर चढत गेल्या आणि मोड होती तिथवर आल्या. अंगठ्याचा वण पाहिला. डावीकडे उंच, मध्ये खळगी. बोरू शाईत बुडवला.

धोंडी कण्हली. रडली नाही, नुसती कण्हली.

तुळसा म्हणाली, "थांबा."

थांबलो. तिने धोंडीच्या कपाळावर हात ठेवला, मग ओठ टेकवले. मला वाटले, आता म्हणेल, काढा. वाट पाहिली. ती कागदाकडे बघत होती, मीही. दोन रेघा वर आलेल्या आणि मध्ये बोटभर कोरी जागा. बोरूवरची शाई वाळली.

दुपार झाली तरी दोघांपैकी कोणी उठले नाही.